काठावरची ठिणगी

बार्लानं रायफल आणली पोत्यात गुंडाळून.
वर दोन कोबी होते, म्हणजे मजुरी आधीच चुकती.
“बाबांची,” म्हणाली. “त्यांच्या आजोबांची, खरं तर.
एकदा आवाज ऐकायचाय.”

नळी खिडकीकडे धरून मी डोळा लावला.
नळी फुंकली की इकडचं वारं तिकडे,
एवढं सोपं असतं तर!
गंज थोडा, पीळ शाबूत,
पण हिच्या तोंडचा घास
जगात आता कुणी रांधत नाही.

पोत्याच्या तळाशी तंबाखूच्या डबीत
एकच काडतूस.
प्लात्सीनं ते शेवटचं म्हणून राखलेलं.
कोल्हा कोंबड्यांत शिरला, नाही उडवलं.
एका हिवाळ्यात लांडगा दिसला, तेव्हाही नाही.
बार्लाच्या लग्नात सगळं व्रीन ओरडत होतं, बार काढ, बार काढ,
तर हा म्हणे कोठीत जाऊन
डबी मांडीवर घेऊन बसला.

हे काडतूस मधोमध पेटत नाही.
त्याची ठिणगी बुडाच्या दुमडलेल्या काठात,
आणि रायफलीची कळ दोन दातांची,
काठाला दोन्हीकडून चावणारी.
एकदा चावलेलं पितळ पुन्हा भरता येत नाही.
एक बार, की संपलं.

मी बत्तीस वर्षं लांडक्वार्टच्या रेल्वे-कारखान्यात
ब्रेकचे खिळे कातले.
म्हटलं, पितळच तर आहे.
दुसऱ्याच कुठल्या बंदुकीच्या लांब पुंगळ्या मागवल्या,
कापल्या, मान आवळली, बूड घासलं.
पहिली चिरली.
दुसरी आत शिरली, पण निघेना,
लाकडी दांड्यानं ठोकून काढली.
चौथीला मी जी शिवी दिली ती बार्लानं ऐकली
आणि कॉफी ठेवायला उठली.

कागद सांगतो, दहा पूर्णांक चार.
नळीत मऊ शिसं ठोकून मोजलं तर जवळजवळ अकरा.
कागदावर विसंबलो असतो तर गोळी आतून
खुळखुळत गेली असती,
बापाचा कोट घातलेल्या नवरदेवासारखी.

दोन दातांची कळ काढून काडेपेटीत ठेवली.
तिच्या जागी एकच, मधोमध टोचणारी.
जुनी परत बसवता येईल, मी बजावलं,
जणू कुणी बसवणारच आहे.

मग डबी पुढे ओढली. “हे उघडू?”
ती खूप वेळ काठ चाचपत राहिली.
“उघडा.”
शिसं अलगद सुटलं, दुधाच्या दातासारखं.
आत दारू नव्हती.
जुन्या चीजवर धरते तसल्या बुरशीच्या रंगाचा
एक हिरवट खडा.
फुसका बार. कधीपासून, कोण जाणे.
लग्नाच्या आधीपासूनही असेल.
बार्लानं ते कवच टेबलावर उलटं आपटलं,
मीठदाणी रिकामी झाली का, पाहतात तसं.

गवत कापून झाल्यावर खाणीत गेलो.
पहिला बार ट्रॅक्टरच्या टायरला रायफल बांधून.
वीस मीटर दोरी,
आणि लाकडांच्या राशीमागे आम्ही दोघं,
साठी ओलांडलेले, कानांत बोटं घालून.
टायर हलला. रायफल शाबूत.

मग दस्ता तिच्या खांद्याला.
धडाम नव्हे, काही जाड, रुंद,
दुधाचं भरलेलं पिंप जिन्यावरून गडगडावं तसं.
धूर एवढा की डोंगरच गेला.
धुरातून विचारते, “लागलं?”
नव्हतं. हातभर खाली आणि डावीकडे.

“असाच होता का आवाज?”
“बाबांनी तरी कुठे ऐकला होता,” ती म्हणाली.
“आणखी एक द्या.”

संध्याकाळी किटलीचं उकळतं पाणी नळीत ओतलं.
बादलीत काळं पाणी, घरभर सडक्या अंड्यांचा वास.
ती रायफल पुसत होती,
मी पुंगळ्या मोजत होतो. अकरा.
त्यांतल्या चार पुढच्या खेपेला फाटणार,
कुठल्या, तेवढं कळत नव्हतं.